वर वधूपेक्षा मोठा असावा

ती. नामामामांस,

उरणहून विपुलचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मिठागरावरच्या फेऱ्या जरा कमी करा, असं आईनं सांगितलंय. (फोनच करणार होतो, पण मंडळाचं काम लेखीच द्यायचं, हा अध्यक्ष म्हणून तुमचाच दंडक.)

सामुदायिक विवाहाची नोंदणी संगणकावर घ्यायला तुम्ही भाच्याला जुंपलंत आणि भाचाही हुरळला. जुन्या एक्सएमएल स्कीमात, म्हणजे नोंद तपासायच्या नियमावलीत, वराचं वय एकवीसच्या खाली तर नाही ना, एवढंच तपासता यायचं; ते वधूच्या वयाशी ताडून बघायची सोय नव्हती. नव्या आवृत्तीत असर्शन नावाचा प्रकार आहे. एक अट लिहून ठेवायची. ती खरी ठरली नाही की नोंद परत. बंदरावरच्या ऑफिसात मी अशा अटी रोज लिहितो : माल कंटेनरच्या क्षमतेपेक्षा जड नसावा. त्यावर कुठला कंटेनर रुसल्याचं ऐकिवात नाही. तुम्ही म्हणालात, नवरा नवरीपेक्षा मोठाच हवा, रीत आहे. मी ती रीत एका ओळीत बसवली आणि सभेत शाबासकीही घेतली.

परवा पहिलीच नोंद भरली ती माझी आणि प्राप्तीची. (ती आमच्याच ऑफिसात असते. आईला माहीत आहे. तुम्हाला आज कळतंय, रागावू नका.) प्राप्ती माझ्याहून आठ महिन्यांनी मोठी. दोघंही अठ्ठावीसचे, खपून जाईल असं वाटलं होतं. पण वय जन्मतारखेवरून मोजायची हौस मलाच होती ना! नोंद परत आली, खाली लाल अक्षरांत माझंच वाक्य : 'ही जोडी रीतीत बसत नाही.' प्राप्तीनं ते वाचलं, डबा बंद केला आणि तेव्हापासून माझ्याशी कंटेनरपुरतंच बोलते. तिच्या वडिलांचं म्हणणं, मंडळानं मांडवात घेतलं तरच लग्न. मामा, जेवण जात नाही हो. ओळ खोडायला मिनिटही लागणार नाही, पण तुमच्या परवानगीशिवाय मी तिला हात लावणार नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
विपुल

ता.क. परवानगी रविवारच्या सभेआधी मिळाली तर बरं.

आणखी एक ता.क. काल न राहवून कमळमामीला फोन केला. ती पोटभर हसली आणि म्हणाली, "अरं, मी तुझे मामापेक्षा दीड वरसानं मोठी हाय. रविवारी येतंय सभेला, सांगतंय सगल्यांना." मी तिला थोपवून बघितलं, पण मामीवर कुणाची अट चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.