बाकावरची दुसरी मुलगी

हुपरी

प्रिय वर्षाराणी,

एवढ्या वर्षांनी माझं पत्र बघून दचकशील. दचक. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी विरघळते आणि भांडायचं राहून जातं. आज मला भांडायचंच आहे.

तुझं नवं पुस्तक परवा घरात आलं. माझी नात हुस्ना दुसरीत आहे, तिच्या शाळेतून. वर तुझं नाव बघून मी शेजारीपाजारी मिरवून आले, माझी मैत्रीण म्हणून. मग सुनेनं मोठ्यानं वाचायला घेतलं. तिसरीतली ममू, वाचता येत नाही म्हणून धडे ऐकून पाठ करते आणि एक दिवस बाईंसमोर उलटं पुस्तक धरून घडाघडा म्हणते. सगळा वर्ग हसतो, बाई हसतात, शेवटच्या पानावर शिपाईसुद्धा हसतो. आमच्या घरातही सगळे हसले गं. ममू कोण ते त्यांना कुठं ठाऊक? त्या नावानं मला तुझ्याशिवाय कधी कुणी हाक मारली नाही. मी उठून आत गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

तुमच्या माडीवर आपण दोघी पैंजणांना घुंगरं लावत बसायचो, आठवतं? हात माझे चालायचे, तोंड तुझं. तुझी आई, आमच्या बायडाकाकू, खालून ओरडायच्या, "वर्षे, घुंगरं पैंजणाला लावायची हैत, तोंडाला न्हाय!" गोष्ट थांबली की मी 'पुढं काय?' म्हणायचे आणि तू तिथल्या तिथं पुढचं रचायचीस. एकदा तर मेलेला राक्षस माझ्या हट्टापायी परत उठवलास. पुढं तू कोल्हापूरला शिकायला गेलीस, शाहूपुरीतल्या त्या साप्ताहिकात मुलांचं पान लिहायला लागलीस, पुस्तकं आली, बक्षिसं आली. दर वेळी मी इथं पेढे वाटले. आणि मुलाखतीत तू काय सांगितलंस? लहानपणी मी एकटीच होते, गोष्टी भिंतीला सांगायचे. मी भिंत होय गं?

तेही गिळलं मी. लेखकांना असं बोलावं लागत असेल, म्हटलं. पण उलट्या पुस्तकाचं गिळवत नाही. कारण त्या दिवशी कुणीच हसलं नव्हतं. बाई फळ्याकडं वळल्या होत्या, तेवढ्यात तू शेजारून हात घातलास आणि माझं पुस्तक सरळ केलंस. संध्याकाळी परातीत घुंगरं मांडून मला पहिला 'म' दाखवलास. हे पत्र मी माझ्या हातानं लिहितेय ते त्या परातीमुळं. तुझ्या गोष्टीत मात्र ममूच्या शेजारची जागा रिकामी आहे. मला हसण्यावारी नेलंस ते एक वेळ सोड, पण तू स्वतःलाच पुसून टाकलंस, ते फार लागलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट तू चार लोकांना हसवायला मोडलीस. दगा म्हणतात याला, वर्षा.

हे भांडण मी मनातच ठेवलं असतं. पण आमची हुस्ना वाचताना अडखळते. वर्गात ती गोष्ट वाचून झाल्यापासून ती वाचायला उभीच राहत नाही. काल दप्तर कोपऱ्यात टाकून म्हणाली, "दादी, मी न्हाय जाणार. समदी मला ममू म्हणत्यात." येत्या शनिवारी त्याच शाळेत तू पाहुणी म्हणून येणार आहेस, असं कळलं. ये. हार घे, नारळ घे, भाषण कर. माझं नाव घेऊ नकोस, मला त्याची हौस नाही. फक्त त्या दिवशी ममूच्या शेजारी कोण बसली होती आणि तिनं काय केलं, तेवढं मुलांना सांग. हुस्ना खिडकीजवळच्या बाकावर असते. तिच्या शेजारी सध्या कुणी बसत नाही.

तुझीच, अजून तरी,
मेहमुदा