ह्यांले वास आला

रिसाली, भिलाई

ती. भागीरथाताई,

पाया पडते. तुहे गुडघे कसे हायेत? तेल लावत जाय.

इकडे सारं ठीक हाये. कोरोनापासून ह्यांले वास येत नव्हता, तुले माहीतच हाये. मागं गॅस सुरू राहिला अन् हे बाजूलेच पेपर वाचत बसले होते. तवापासून ह्यांले एकटं सोडून मी कुठंच गेली नाही. म्हणून तुह्याकडं तुमसरलेही आली नाही.

रविवारी आपले जावई पीयूषराव आले. त्यांनी लंडनहून स्कॉच आणली, कितीतरी जुन्या दारू मिसळून केलेली, महागाची. "बाबा, आधी वास घ्या," म्हणे. हे हसले, "मले कायचा वास येते?" पीयूषरावांनी ग्लासात चार थेंब पाणी टाकलं, त्यानं वास खुलते म्हणे. ह्यांनी पुन्हा नाक लावलं.

मंग म्हणाले, "वसू, धूर. आपल्या कोक ओव्हनसारखा. अन् मागून मोहफुलं."

स्टील प्लांटमध्ये तीस वर्षं ज्या कोळशाच्या भट्टीवर ड्यूटी केली, तिचाच वास सगळ्यात पहिले परत आला! डोळे भरले ताई त्यांचे. मीही चमचाभर चाखली. जीभ भाजली, मंग मनुकांसारखी गोड लागली. भाऊजींले सांगू नको.

सगळे वास अजून येत नाहीत. पण आज सकाळी मी अंगणात होती, तर आतून ओरडले, "वसू, दूध लागून राहिलं!"

मी लगेच उठलीच नाही. आणखी एकदा ओरडू दिलं.

दिवाळीनंतर चार दिवस येते, एकटीच.

तुही लहानी,
वसुंधरा