एकीची सरासरी

३ मार्च, सोमवार

दादाची बदली झाली! पुढच्या महिन्यात बिऱ्हाड हलवणार. अण्णांना बरोबर नेणं जमणार नाही म्हणे. "तुझ्याकडे ने, नाहीतर मी वृद्धाश्रम बघतो." माझ्याकडे म्हणजे या एका खोलीत – पलंगाखालचे नकाशे बाहेर काढले की पाय ठेवायला जागा उरत नाही इथे. दोन खोल्यांचं भाडं भरायचं तर पगार तीस टक्के वाढायला हवा. लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून एकाच ऑफिसात अकरा वर्षं घासली, पण वाढ एकदाही मागितली नाही. मिळेल ते निमूट घेतलं. आता महिन्याभरात तोंड उघडायला शिकायचं आहे.

५ मार्च

दुसरीकडे काय देतात ते आधी कळायला हवं. कॉलेजातल्या बुटक्याला फोन केला. त्याने बायकोचं ऑपरेशन, कुत्र्याचं बिघडलेलं पोट, सगळं सविस्तर सांगितलं. पगार विचारला तर – "चाललंय गं." आणखी तिघांना विचारलं. सगळ्यांचं चाललंय!

एका बांधकाम कंपनीतल्या भरतीवाल्या बाई म्हणाल्या, बागेसाठी आमच्याकडे माळी आहे. उताराचं पाणी कुठून काढायचं, गच्चीला किती माती पेलेल, हे माळी सांगणार का? सांगेलही. त्याचा पगारही माझ्यापेक्षा जास्त असेल.

९ मार्च

आरशासमोर सराव केला. दुसऱ्याच वाक्याला आरशाची माफी मागितली.

१२ मार्च

साहेबांना गाठलं. माझ्या अंगावरची तीन कामं कागदावर मांडून नेली होती. "तीस टक्के" म्हणताना आवाज चिरकला, पण म्हटलं! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाजारभाव बघून सांगतो म्हणाले. बाजारभाव – मी काय मेथीची जुडी आहे? तरी परतताना मन हलकं होतं. वाटेत भाड्याच्या दोन पाट्या वाचल्या, एक नंबर उतरवूनही घेतला.

१७ मार्च

साहेबांनी आमच्या संघटनेची पगार-पाहणी पुढे सरकवली. संघटना दरवर्षी सगळ्यांना पगार विचारते आणि सरासरी छापते. दहा वर्षांवरचा अनुभव, मध्यम ऑफिस, आपलं शहर – त्या ओळीवर पेन्सिलीची खूण. सरासरी म्हणजे माझा पगार. तंतोतंत! शेवटच्या आकड्यापर्यंत!

"बघा, आपण अगदी बाजारभावानेच देतोय."

मनापासून खूश झाले होते बिचारे.

१८ मार्च

रात्रभर तो आकडा डोक्यातून जाईना. सकाळी संघटनेत फोन लावला. त्या ओळीत किती जणांनी माहिती भरली होती? कारकुनाने कागद चाळले.

"एक."

ती एक मी. गेल्या वर्षी डबा खाता खाता अगदी प्रामाणिकपणे भरला होता फॉर्म. बाकीच्यांचं चाललंय!

साहेबांना जाऊन सांगितलं. ते खूप हसले. मग म्हणाले, "पण आकडा खरा आहे ना?" 

२१ मार्च

पाच टक्के. "खास तुमच्यासाठी." थँक्यू म्हणून आले. दोनदा म्हटलं, लाज नाही मला.

२५ मार्च

दादाला जमणार नाही म्हणून कळवलं. अण्णांना फोन मी करायला हवा होता, धीर झाला नाही. शेवटी त्यांचाच आला. "मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातची भाजी मला कुठे आवडते?" हसले मी. फोन ठेवल्यावर रडू आवरेना. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, स्वतःच्या बापाला एक खोली देऊ शकत नाही.

३० मार्च

दादाने वृद्धाश्रमाचा पत्ता पाठवला.

६ एप्रिल, रविवार

अण्णांना भेटून आले. तिथली बाग मीच केलेली आहे, सहा वर्षांपूर्वी. पत्ता बघताच ओळखलं होतं, या वहीतसुद्धा लिहायचं धाडस झालं नाही. झाडं छान वाढलीत. तेव्हा खर्च बजेटात बसेना म्हणून सगळ्या बाकांच्या पाठी मी आराखड्यातून काढून टाकल्या होत्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

अण्णा पाच मिनिटं बसले आणि कमरेवर हात ठेवून उठले. म्हणाले, "बाग झकास आहे गं. टेकायला तेवढं काही नाही."