बाटलीतलं पाणी

आत्याबाई, सासूशी जेवढं बोलावं तेवढंच मी तुमच्याशी बोलले. चौथी शिकलेल्या सुनेचं अक्षर तुम्ही कधी पाहिलं नाही, ते आता पाहा. त्या बाटलीबद्दल लिहायचं आहे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळ होता. गावातल्या विहिरी आटल्या, आपल्या मळ्यातल्या बोअरला तेवढं पाणी, तेही मचूळ. त्यावर तुम्हाला द्राक्षं लावायची होती. घरादारानं वेड्यात काढलं. तुम्ही म्हणालात, "पाणी तपासून आणू, मग हसा." मामंजींची दारूची रिकामी बाटली राखेनं तीनदा घासली, बोअरचं पाणी भरलं, बुचाला चिंधी बांधली आणि मला मुरुडातून एसटीत बसवलं. "जिल्ह्याला तपासणीचं हापिस हाय. नीट ने. ह्याच्यावर समदं हाय."

कंडक्टरनं बाटलीकडे बघितलं. "काय वैनी, सकाळीच?"

"पाणी हाय."

"समदे असंच म्हणतात."

"मग हुंगून बघ, मेल्या."

वाटेत गाडी तापून बंद पडली. दोन तास ऊन खाल्लं. नरडं सुकलं, आणि मांडीवर पाणी. एक घोट म्हणता म्हणता बाटली रिकामी केली. मग पाणी शोधत निघाले. सगळं रान करपलेलं, पुढं एकच हिरवी बाग, द्राक्षाची. कधी पाहिली नव्हती. मांडवाखाली वाकून शिरले. बाया घड तोडत होत्या, देठाला धरून, मण्याला बोट न लावता. मी लावलं तर वरची पांढरी भुकटी पुसली गेली.

"नवरीची पावडर पुसतीस का गं?" एक बाई खेकसली.

"ह्याची दारू बनती म्हणं?" मी विचारलं.

"होत आसंल. आमाला मणी बी चाखू देत न्हाईत."

निघताना बागेच्या हौदात बाटली बुडवली, चिंधी होती तशी बांधली. पाणी ते पाणी, मला वाटलं. हापिसात साहेबानं त्यावर नंबर चिकटवला.

रात्र पडायच्या आत घरी आले. तुम्ही हापिसाचं विचारलंच नाही. येल केवढा? घड कसा धरतात? पान हुंगलंस का? सगळं सांगितलं. एक सोडून.

पंधरा दिवसांनी पोस्टानं कागद आला: पाणी द्राक्षाला चांगलं. तुम्ही तो देवाच्या फोटोमागं खोचला आणि वेल लावले. पहिल्या साली तरारले. दुसऱ्या उन्हाळ्यात पानांच्या कडा जळत आत आत गेल्या. खारं पाणी अशीच कड जाळतं, हे मला पुढं बागेत मजुरीला गेल्यावर कळलं. तुम्ही मात्र एकेक पान उन्हात धरून उलटंपालटं करताय, अजून दिसताय मला. "पाणी चांगलं हाय, कागद हाय. मंग माझाच हात वंगाळ." त्या दिवसापासून परसातलं दोडक्याचं बीसुद्धा तुम्ही मला टोचायला लावलं. मी टोचायची, तुम्ही लांब उभं राहून बघायच्या, बी किती खोल गेलं ते मान लांब करून.

तुमचा हात चांगला होता, आत्याबाई. हे सांगायला आपण एका चुलीपाशी बसलेली तेरा वर्षं होती. तुम्ही असता तर आजही सांगितलं नसतं.