महाराणीचं वजन

३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच घे, हाताला उंदरांचा वास येतोय.

मी दिवसभर नक्की काय करते, असं तू विचारलंस. मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची इवलीशी ग्रंथी असते. अंगानं वाढायचं की नाही, अंडाशयांनी कामाला लागायचं की नाही, सगळे हुकूम तिचे. दहा उंदरिणींची ती ग्रंथी मी स्वतः काढली. हुकूम थांबले की अंडाशयं सुकतात आणि अंगाची वाढही थांबते. आता मी रोज एक हार्मोन टोचतेय. त्यानं अंडाशयं परस्पर जागी व्हावीत अशी माझ्या मार्गदर्शक सरांची फार इच्छा आहे, आणि माझी पीएचडी त्या इच्छेवर लटकलीय.

नऊजणी मलूल आहेत. दहावी मात्र चांगली गुबगुबीत झालीय. तिला मी महाराणी म्हणते. तीच मला तारणार बघ.

लोभ आहेच, त्यात काटकसर नको.
तुझी भाची

१२ जून

चि. उंदीरवालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. अंडाशयापाशी आल्यावर एक गिऱ्हाईक माप न देताच निघून गेलं. तुझ्या काकांनी एक इवलीशी ग्रंथी सगळ्यांना हुकूम सोडते एवढंच ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

एक सांग. अंग वाढायचा हुकूमही त्याच ग्रंथीचा, असं तूच लिहितेस. मग ती नसताना महाराणी गुबगुबीत झाली कशी? वीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतेय. माप वाढलं म्हणजे पोर वाढलेलं असतं, त्यात टेपची करामत नसते. चुकत असेन तर खुशाल हस.

माझी माया धुतल्यावर आटणारी नाही.
आत्या

२९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी खरंच हसले होते. आता हसू येत नाही.

सोमवारी दहाहीजणींना मारून तपासणी झाली. नऊजणींची अंडाशयं सुकलेली, महाराणीची टपोरी. सरांनी आनंदाच्या भरात मला स्वतः चहा ओतून दिला आणि महाराणीच्या अंडाशयाचा फोटो परिषदेत दाखवायचं ठरवलं. ते गेल्यावर मी तिची कवटी भिंगाखाली धरली. ग्रंथीचा एक तुकडा जागच्या जागी होता. काढायचा माझ्याच हातून राहिला होता. हुकूम चालूच होते, माझं इंजेक्शन फुकटचं मिरवत होतं.

तिला वगळलं तर हाती काहीच उरत नाही आणि पीएचडी वर्षभर लांबते. तुकडा मोहरीहून लहान आहे, मी दाखवल्याशिवाय कुणाला दिसणार नाही. मला गप्प बसावंसं वाटतंय, हे लाज सोडून तुलाच सांगते.

माया आटली तरी कळव.
भाची

५ जुलै

चि. भाचीस,
आशीर्वाद. तू गप्प बसावंस असं आधी मलाही वाटलं. आणखी वर्षभर तुझं रडगाणं कोण वाचणार?

पण आखूड झालेली बाही इस्त्रीनं ताणून मी एकदा खपवलेली आहे. ते पोर समोरून आलं की मी रस्ता बदलायचे. तुला तिथे बदलायला दुसरा रस्ता नाही, त्याच खोलीत रोज त्याच सरांसमोर उभं राहायचंय. पुढचं तू ठरव. वर्ष गेलं तरी मी वाचायला आहे.

आत्या

११ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. सरांना सांगितलं. आधी ते म्हणाले की ती रक्ताची गुठळी असेल. मग बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग दार लावून त्यांनी हळूच विचारलं की हे आणखी कुणाला माहीत आहे. मी म्हटलं, आत्याला. त्या कुठल्या विद्यापीठात असतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ती गणवेश शिवते, आणि तिनं हे नुसत्या पत्रावरून ओळखलं.

सर खाली बसले. थोड्या वेळानं फोटो त्यांनी स्वतःच काढून टाकला. माझं वर्ष गेलं. घरी येऊन रडले, मग दहा तास झोपले.

परवापासून नव्या दहाजणी. सरांचा निरोप आहे की या वेळी दर आठवड्याची वजनं तुझ्याकडे पाठवायची. जमेल का, ते उलट टपाली कळव.

तुझी भाची