हिवाळ्यापर्यंत वाळेल

४ एप्रिल
ही लेकीकडे गेली. हवापालटासाठी. चार दिवसांत येईल.

डॉक्टरांनी हिच्या छातीला आमच्या लाकडाच्या शेगडीचा धूर अजिबात चालणार नाही म्हणून सांगितलंय. त्यावरून परवा जावई विजेचा हीटर घेऊन आला. मी तो दारातूनच परत पाठवला. जो माणूस आपल्या घराची ऊब स्वतःच्या हातांनी मिळवत नाही, तो उद्या आपली मतंही विकत आणेल, असं त्याला सांगितलं. विषय रंगला. जावई हीटर छातीशी धरून उभ्यानेच ऐकत होता. ही आत खोकत होती.

हीटर जाणं आणि हिचं जाणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

६ एप्रिल
विचाराअंती निष्कर्ष: दोष शेगडीत नाही. तत्त्वात तर नाहीच नाही. दोष ओल्या लाकडात आहे. लाकूडवाला वर्षानुवर्षं आपल्या गळ्यात ओला माल मारतोय. शुद्ध शोषण.

संकल्प: यापुढे लाकूड मी तोडणार, मी रचणार, मी वाळवणार. हिवाळ्यापर्यंत खडखडीत. मग धूर नाही, खोकला नाही, हीटर नाही आणि ही घरात.

लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईशी बोलता का?" म्हटलं, आधी मुद्दा पूर्ण करू दे. मुद्दा पूर्ण होईपर्यंत ही झोपून गेली होती.

१९ एप्रिल, सकाळ
घरामागचं झाड वादळात आडवं झालं होतंच. करवतीवाल्याकडून त्याचे ओंडके करून घेतले (एवढं सहकार्य तत्त्वात बसतं). नवी कुऱ्हाड आणली. लाकूड फोडण्यावर मिळालं तेवढं सगळं वाचून काढलं. समोर श्रोते असते तर तासभर सहज बोललो असतो.

दुपार
कुऱ्हाड ओंडक्यात रुतली. निघेना. ओंडक्यासकट उचलून आपटली. दांडा हातात आला, पातं आत राहिलं.

२० एप्रिल
पाठ. आज फक्त वैचारिक काम.

११ मे
आता हात बसलाय. फोडताना बोलायची सवय लागली आहे. आवाज चढला की घाव खोल जातो. शेजारच्या मावशींनी कुंपणावरून विचारलं, सभा कुणाची चाललीय. मी म्हटलं, लाकडाशी बोलतोय. त्या म्हणाल्या, "चला, कुणीतरी गप्प बसून ऐकतंय. वहिनी तरी किती वर्षं ऐकणार होत्या, भाऊ!"

मावशींना विनोदाची जाण बेताचीच.

८ जून
रास पूर्ण. भिंतीला टेकवून, ढलपीला ढलपी चिकटवून, पोकळी म्हणून नाही. इतकी वर्षं चळवळीत हेच सांगत आलो: मध्ये फट राहिली की माणसं सुटी होतात. वरून खालपर्यंत ताडपत्री घातली, दोरीने आवळली. पावसाचा थेंब आत जाईल तर शपथ.

मावशी बघून म्हणाल्या, वारा कुठून लागायचा? मी त्यांना संघटनेचं महत्त्व समजावून सांगितलं. त्या मध्येच घरात गेल्या. गॅसवर दूध होतं म्हणे.

२ जुलै
हिचा फोन. औषधं वेळेवर घेता का, जेवता का, असलं किरकोळ विचारत होती. मी तिला राशीचं सविस्तर वर्णन ऐकवलं. ती "बरं" म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा "बरं" म्हणाली. दुसऱ्या "बरं"मध्ये ओढ स्पष्ट जाणवत होती.

तिचा खोकला कसा आहे, हे विचारायचं राहून गेलं. पुढच्या वेळी नक्की.

२९ ऑगस्ट
ताडपत्रीवर हात ठेवून पाहिला. आतून गरम. याचा अर्थ वाळतंय. उघडून बघण्याचा मोह टाळला. विश्वास हवा.

१४ ऑक्टोबर
थंडी पडली. ताडपत्री सोडली. आतून तळघरासारखा वास आला. लाकडावर पांढरी बुरशी, खालच्या थरात चक्क छत्र्या उगवलेल्या. ढलपी पिळली असती तर पाणी निघालं असतं.

निसर्गाने दगा दिला.

१५ ऑक्टोबर
तरीही पेटवून पाहिलं. खोलीभर धूर. दिवसभर खोकतोय. हा खोकला सर्दीचा आहे.

हिला रोज असंच होत असेल का, असा एक विचार येऊन गेला. लिहून ठेवतो, कारण तो पुन्हा येऊ नये अशी इच्छा आहे.

५ नोव्हेंबर
लेकीचा फोन. म्हणाली, आई रविवारी येतेय. किती दिवस, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही.  मग राशीतल्या ढलप्या घरभर पसरल्या. खिडकीत, जिन्यावर, जेवणाच्या टेबलावर. चार दिवसांत काय वाळणार आहे?

७ नोव्हेंबर, दुपार
अख्ख्या घरात वाळलेलं लाकूड नाही म्हणत होतो. आहे! हिच्या खोलीतला पलंग. हिच्या आईच्या वेळचा, जुन्या काळचा, हाडासारखा सुकलेला. बोटाने वाजवून पाहिला. काय आवाज!

ती येईल, ऊब बघेल, खोकणार नाही. थांबेल. थांबली की नवा पलंग मी स्वतः करीन. वसंतापर्यंत होईल.

संध्याकाळ
सहा महिन्यांत प्रथमच कुऱ्हाड एका घावात आरपार गेली. तुकडा पेटवून पाहिला. धुराची रेघसुद्धा नाही. दुसरा तुकडाही टाकला. आनंदाने.

९ नोव्हेंबर
ती आली. वाळली आहे. खुर्ची ओढून शेगडीजवळ बसली, हात शेकले. एकदाही खोकली नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. "छान ऊब आहे हो," म्हणाली. मी शेगडीत आणखी दोन तुकडे सारले.

मग बॅग घेऊन आपल्या खोलीत गेली.  बाहेर आली तेव्हा बॅग हातातच होती.

"अहो, पलंग कुठंय?"

मी शेगडीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मी म्हणालो, तुझ्यासाठीच केलं. धूर होऊ नये म्हणून. तू माझ्या पलंगावर झोप, मी खाली अंथरतो.

"प्रश्न झोपायचा नाही," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. "मला एकदा विचारायचं होतंत."

बराच वेळ आम्ही दोघं ते जळताना बघत बसलो.  मग ती उठली, पाचची बस मिळेल म्हणाली.

थांब्यापर्यंत बॅग मी घेतली. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाची ती बॅग नव्हती. चेन पुरती लागत नव्हती. वर गरम कपडे कोंबले होते आणि त्यातून तिची उशी बाहेर आली होती.