सीमेपलीकडचा मराठी तास

सरे, नोव्हेंबर २०१२

प्रिय उमा,

विनिपेगला भरपूर बर्फ पडला म्हणे. फावड्याने उपसताना कंबर सांभाळ बाई, आपण आता काही तिशीतल्या नाही. इथे नुसता पाऊस, आणि आमचं रेडिओ स्टेशन बंद झालं.

अगं, माझा रविवारचा मराठी तास व्हायचा तेच! स्टुडिओ इथे सरेत, मिठाईच्या दुकानामागे, आणि टॉवर सीमेपलीकडे अमेरिकेत, कुणाच्या तरी शेतात. म्हणजे इथला, कॅनडाचा परवानाच नको. चारुदत्त हसायचा. आमच्या लग्नाआधी, तरुणपणी तो बोटीवर रेडिओ ऑफिसर होता ना, तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यापासून लांब बोटी नांगरून अशीच चोरटी स्टेशनं चालायची, पोरं वेड्यासारखी ऐकायची. मग सरकारने त्यांना रसद पुरवणं, जाहिराती देणं हाच गुन्हा ठरवला, आणि एकेक बोट गप्प झाली. आमचंही तेच झालं बघ. टॉवरला कुणी हात लावला नाही, जाहिराती देणाऱ्या दुकानदारांना नोटिसा गेल्या आणि कारभार आटोपला.

तू म्हणशील, सुटलीस फुकटच्या हमालीतून. पण उमा, चारुदत्त केअर होममध्ये आहे, आणि तो मला ओळखत नाही. फोनवर तुला हे सांगायला जीभच रेटली नाही. वरण-भात भरवते, तर थँक यू मॅडम म्हणतो. कार्यक्रम आदल्या दिवशी रेकॉर्ड व्हायचा, त्यामुळे रविवारी मी त्याच्याजवळच असायची. रेडिओवर माझा आवाज आला की नर्सला ऐटीत सांगायचा, दॅट्स माय वाइफ. आणि मी शेजारी बसलेली! त्या रेडिओवरच्या बाईवर जळायचे गं मी.

स्टेशन बंद पडल्यावर तो नुसती खरखर ऐकत बसायचा. माझी बायको कुठे गेली, असं मलाच विचारायचा. रडू आवरायचं नाही. शेवटी एका रविवारी मी त्याच्या खुर्चीमागे बसले, रेडिओ हळूच बंद केला आणि नमस्कार मंडळी म्हणून सुरुवात केली. स्वारी खूश! चेहरा दिसला नाही की मी त्याची बायको असते. आता दर रविवारी तशीच मागे बसून तासभर बोलते.

अडलंय ते श्रोत्यांच्या पत्रांपाशी. पत्रं वाचल्याशिवाय त्याला कार्यक्रम खरा वाटत नाही. मनाने रचून वाचायला लागले की माझा आवाज पडतो, आणि ते त्याला बरोबर कळतं. जुनी पत्रं संपली. इथे मला पत्र लिहिणारं आहे कोण? म्हणून तू लिही. रेडिओच्या नावाने लिही, पत्ता माझ्या घरचा घाल. काहीही लिही, हवापाणी, भांडणं, काय वाट्टेल ते. फक्त एवढं नक्की लिही, की ताई, हा कार्यक्रम बंद करू नका.

तुझीच,
सुहासिनी